किरकोळ जमा

वाघोलीच्या पुढे, जिथे आता सोसायटीचं मागचं गेट आहे,
तिथे पूर्वी ट्रकचा काटा होता.
मी काट्यावर बसायचो.
खाण नंबर सात. हजेरी, ब्रास, डिझेल, जिलेटिनच्या कांड्या,
एवढंच माझ्या वहीत.

दगड काळा. शहराला तो बारीक करून लागायचा,
पाऊण इंच, अर्धा इंच, कच.
औंधातले पूल, कोथरूडचे जिने, विमाननगरचे पाये
माझ्या सहीनं गेले.
अजून पुलावरून जाताना बायकोला सांगतो.
ती खिडकीबाहेर बघते.

पण बार उडाला की एखाद्या दिवशी
काळ्याच्या पोटात पोकळी उघडायची,
कोपरापर्यंत हात जाईल एवढी.
आत दुधी पंखे, आवळ्याच्या रंगाचे चौकोन,
आणि सुयांसारखं पांढरं काही,
श्वास लागला तरी मोडणारं.
वडार म्हणायचे, घर लागलं.
मालक म्हणायचे, गारा.
क्रशरमध्ये गारा आल्या की आईबहिणीवरून शिव्या.

एकदा अफवा उठली, शिसं लागलंय.
लोणीकंदचा सोनार स्कूटरवरून आला,
चकाकणारा एक तुकडा दाताखाली धरला,
थुंकला,
चहा पिऊन गेला.
तरी तीन दिवस पोरं खिसे जड करून फिरत होती.

मग अठ्ठ्याण्णवच्या माघात निळं निघालं.
हरभऱ्याएवढे गोळे, पांढऱ्यावर बसलेले.
मी म्हणालो, मोरचूद.
यंकप्पा विटकर म्हणाला, न्हाई मुनीम,
मोरचूद मेलेलं असतंय.

कॅम्पातून अब्बासभाई येऊ लागले,
बुटांचे रिकामे खोके आणि कापूस घेऊन.
म्हणायचे, जर्मनीत याला काचेच्या कपाटात ठेवतात,
वरून दिवा सोडतात.
यंकप्पाच्या पालात तेव्हा दिवा नव्हता, हे मी म्हणत नाही;
होता, चोरून घेतलेल्या तारेवर.

सहा भोकं भरली होती. पाच उडाली.
मोजणारा मीच होतो, आणि मी काट्यावर होतो,
एक ट्रक रिकामा की भरलेला यावर भांडत.
यंकप्पाला पोकळी दिसली. छिन्नी घेऊन तो खाली बसला.

दगड शाबूत निघाला.
त्याचा उजवा हात नाही.

मालक म्हणाले, तसं लिही. मी तसं लिहिलं:
यंकप्पा हणमंता विटकर, गैरहजर.
खाली त्याच तारखेला,
किरकोळ जमा, रुपये अकरा हजार.
निळ्याला माझ्या वहीत रकाना नव्हता.

पुढे कोर्टाचा कागद आला, पंप बंद झाला.
पाणी चढत गेलं, शेवाळी, गार.
पोरं पोहायला लागली, एक वर आला नाही,
मग कुंपण, मग कुंपण चोरीला,
आणि मग डंपर.
शहरानं जुन्या इमारती पाडल्या होत्या,
त्यांचा राडारोडा इथे.
एकदा काठावर उभा राहून पाहिलं:
आमचीच खडी, सिमेंटला चिकटून,
परत आली होती.
काटा असता तर उतरवून घेतली असती.

गेल्या महिन्यात नागवेणी आली, यंकप्पाची धाकटी.
हडपसरला लॅबमध्ये काम करते.
म्हणाली, बाबा त्या दिवशी कामावर होते
याचा कागद पाहिजे.

कपाटातून वही काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली,
वाळवी नाही, डाग नाही.
ती उभ्या उभ्याच पानं उलटत गेली.
एका ओळीवर तिचं बोट थांबलं,
मग खालच्या ओळीवर.
मी म्हणालो, बस, चहा टाकतो.

तिनं मोबाईलनं फोटो काढला,
हलला म्हणून पुन्हा एकदा काढला.
अक्षर छान आहे तुमचं, म्हणाली,
वाचायला काही अडचण येत नाही.